फळीवरची बुचं

विस्कॉन्सिनात मे उजाडला तरी
सावलीतला बर्फ हटत नाही.
ऑरिन ट्वेट शटर वर ढकलतो
आणि सात नंबरच्या बदकगाडीखाली
पाठीवर सरपटत शिरतो.
वय एकाहत्तर. गुडघे तिच्याहून जुने, म्हणतो.
खोटं. ती त्रेचाळीस सालची.

वरून पिवळा रंग, त्याखाली दुसरा पिवळा,
मग पांढरा, मग लष्करी हिरवा.
कानस आणखी चालवली तर
तारा. एक टोक अजून शाबूत.

बनवली तेव्हा कुणी नातवंडांचा विचार केला नव्हता.
एक किनारा, एक पहाट,
परत आली तर नफाच.
तेव्हा डोक्यावर आभाळ होतं.
आता छप्पर आहे, बाजूंना प्लास्टिकचे पडदे,
खाली एकतीस तिकिटं,
आणि प्रत्येक पोराच्या तोंडात
क्वॅक क्वॅक करणारी फुकटची शिट्टी.

मी त्या उन्हाळ्यात नवी. काम: बुचं मोजणं.
फळीवर खिळे अकरा, खिळ्यांवर पितळी बुचं अकरा.
रस्त्यावर असताना पोटाची भोकं उघडी,
साचलेलं गळून जावं म्हणून.
हॅरो तलावाच्या उताराआधी
एकेक पिळून घट्ट बसवायचं.
"फळी रिकामी, तर गाडी पाण्यात.
एकही लटकताना दिसलं, लोरेटा,
तर चाकांपुढे आडवी पड."
मी हसले. तो हसला नाही.

पाणी कुणालाच पाण्यात पाहत नाही.
त्याला सूड नको, नाव नको, तुमची तारीख नको.
ते फक्त भोक शोधतं.
आणि भोक त्याला सापडतंच,
शाफ्टभोवतीच्या चिरलेल्या रबरात,
झाळलेल्या जोडाच्या केसाएवढ्या फटीत,
"पुढच्या सीझनला बघू" या वाक्यात.

एका संध्याकाळी त्यानं मला तिसऱ्या रांगेत बसवलं.
जाकीट घाल. बंद आवळ.
आता समज, तळ गेला. कुठे जाशील?
वर, मी म्हणाले.
मग हात वर कर.
तळवा छपराला टेकला.
"जाकीट तुला इथपर्यंत आणेल," तो म्हणाला,
"आणि इथेच ठेवेल."
बाहेर कुठेतरी लून पक्षी ओरडला.
बंद सोडवताना माझी बोटं चुकली, दोनदा.

मालक वेंडेल क्राउस. वाईट माणूस नव्हे.
बायकोच्या औषधांची बिलं त्याच गल्ल्यातून जातात.
"तपासणीचा कागद आहे. शिक्का आहे.
उन्हात गिऱ्हाईक बसत नाही, ऑरिन."
ऑरिननं कागद वाचला, घडी घातली,
डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला.
बाक स्थिर झालं.

त्या रात्री गॅरेजात ठिणग्या.
सकाळी मागच्या गवतात छप्पर पडलेलं,
खाऊन टाकलेल्या माशाच्या बरगड्यांसारखं.
क्राउस बराच वेळ बघत राहिला.
पगारातून किती कापायचे ते बोलणार,
तोच ऑरिननं आकडा पुढे केला,
आधीच लिहून ठेवलेला, सेंटांसकट.

पहिल्या फेरीला चौघांनी पैसे परत मागितले.
एका बाळाची टोपी उडाली.
एक आजोबा नाक भाजेल म्हणून चिडले,
मग मान मागे टाकून
ढगच बघत बसले.

उतारावर गाडी थांबली. मी फळीकडे पाहिलं.
खिळे अकरा, बुचं शून्य.
हात वर केला: ठीक आहे.
ऑरिननं इंजिन बंद केलं.
खाली उतरला, माझ्यापुढे मूठ उघडली.
पितळ. अकरावं. त्याच्या घामानं कोमट.

"फळी पाहिलीस," तो म्हणाला. "पोट पाहिलंस?"

एकतीस माणसं वर वाट बघत होती.
कुणीतरी शिट्टी वाजवली.
मी आडवी पडले, चाकांमधून आत सरकले,
अंधारात बोटानं मोजू लागले,
एक,
दोन,
तिसरं किंचित सैल.